जे. जे. या अक्षरांमागील व्यापारी

भोकरहून दुर्धर दुखण्याचा रुग्ण मुंबईस न्यावयाचे ठरले, की ‘जे. जे.’ हे नाव निघते. त्या अक्षरांमागील जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) मात्र विस्मृतीत गेले. पोरवयात मातापित्यांस मुकलेला हा पारशी तरुण चीनच्या व्यापारात अपार धनाढ्य झाला. ती संपत्ती कापसाप्रमाणे अफूचीही होती, हे झाकण्यात अर्थ नाही. अफूने उद्ध्वस्त झालेल्या चिनी घरांची भरपाई कोणत्याही दानाने होणारी नव्हे. तथापि १८४५ साली त्यांच्या देणगीच्या बळावर रुग्णालय उघडले, १८५७ साली कलाशाळा. माहीमच्या खाडीत होड्या उलटून माणसे दगावत. तेथे पत्नी आवाबाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये देऊन रस्ता बांधविला, तोही सरकारने पथकर घेऊ नये या अटीवर.