प्लेगला प्लेग म्हणणारा डॉक्टर

मुंबईला धोबीतलावच्या चौकात, मेट्रो सिनेमासमोर एक पूर्णाकृती पुतळा आहे. सेंट झेवियर्स कॉलेजकडे जाताना आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. हा पुतळा डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांचा.

त्यांचा जन्म १८५६ साली गोव्यात, बारदेशातील हडफडे गावी एका कॅथलिक कुटुंबात झाला. पुढे ते मुंबईला आले, सेंट मेरीज शाळेतून मॅट्रिक झाले आणि १८८० साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. दवाखाना त्यांनी गोदीलगतच्या मांडवी भागात थाटला. तिथे धान्याची कोठारे, दाटीवाटीच्या चाळी आणि तुंबलेली गटारे होती. १८८८ साली ते महापालिकेवर निवडून आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत एक विचित्र ताप सुरू झाला. रोग्याच्या जांघेत किंवा काखेत गाठ यायची, ग्लानी चढायची आणि चार-सहा दिवसांत माणूस दगावायचा. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये प्लेगने थैमान घातले होते. मुंबईतला ताप तोच आहे, हे डॉक्टरांनी ओळखले.

पण ते बोलून दाखवणे सोपे नव्हते. प्लेग जाहीर झाला की जहाजे अडणार, व्यापार बसणार, लोक घाबरणार. खुद्द आरोग्य खातेही हा शब्द उच्चारायला कचरत होते. तरीही २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. व्हिएगस यांनी महापालिकेच्या स्थायी समितीपुढे रोगाचे खरे नाव सांगितले. तज्ज्ञांनी तपासणी केली आणि त्यांचे निदान खरे ठरले.

नाव सांगून ते थांबले नाहीत. स्वतःचा जीव धोक्यात घालून ते रोग्यांवर उपचार करीत राहिले. वस्त्यांची सफाई आणि उंदरांचा नायनाट यांसाठी त्यांनी आवाज उठवला. डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोकांना मात्र लशीची भीती वाटत होती. डॉ. व्हिएगस यांनी सुमारे १८,००० लोकांना आपल्या हाताने लस टोचली.

रुग्णालयाचीही लोकांना दहशत होती. तिथे गेलेला परत येत नाही, असा समज पसरला होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. हजारो लोक मुंबई सोडून गेले. मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांत प्लेगपासून रक्षण व्हावे म्हणून उभारलेले क्रूस आजही दिसतात.

प्लेग आपल्या नाशिक जिल्ह्यातही आला. १८९९ साली भगूरला सावरकर बंधूंचे वडील दामोदरपंत त्यात गेले. धाकटा नारायण आजारी पडला, तेव्हा त्याला नाशिकच्या प्लेग रुग्णालयात ठेवावे लागले. त्याच्या शुश्रूषेला राहिलेले थोरले बंधू बाबाराव यांनाही लागण झाली. सुदैवाने दोघेही बरे झाले.

१९०६ साली डॉ. व्हिएगस मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय ख्रिस्ती. १९३३ साली त्यांचे निधन झाले.

२०२० साली कोविड आला तेव्हा आपणही पाहिले, की भीतीपोटी माणसे आजार लपवतात, शेजाऱ्याला दार बंद करतात. अशा वेळी खरे सांगणारा माणूस कोणालाच आवडत नाही. डॉ. व्हिएगस यांचे मोठेपण हे, की त्यांनी न आवडणारे सत्य सांगितले आणि ते सांगून झाल्यावर रोग्यांना सोडून ते गेले नाहीत. आजारी माणसाला खरे सांगणे आणि मग त्याच्याजवळ थांबणे, ही दोन्ही सेवेचीच कामे आहेत.