विश्लेषण : भाई कोतवाल यांनी विजेचे मनोरे का पाडले? सिद्धगडाच्या हुतात्म्यामागची सावकारी आणि विषमतेची गोष्ट

दरवर्षी २ जानेवारीला मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या परिसरात हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना मानवंदना दिली जाते. १९४२ च्या लढ्यात विजेचे मनोरे पाडणाऱ्या ‘आझाद दस्त्या’चे नायक म्हणून कोतवाल यांची ओळख आहे. मात्र बंदूक हाती घेण्यापूर्वी त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्याच्या पेढ्या उभारल्या होत्या. एका वकिलाला भाताच्या कणग्यांची काळजी का वाटली, आणि तिथून तो डोंगरात कसा पोहोचला?

कोण होते भाई कोतवाल?

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्ये एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. माथेरान हे १८५० मध्ये इंग्रज अधिकारी ह्यू मॅलेट यांनी साहेबांच्या नजरेस आणलेले थंड हवेचे ठिकाण. १९०७ मध्ये तिथे छोटी रेल्वे आली आणि मुंबईच्या धनिकांचे बंगले गजबजू लागले. डोंगराखालचे ठाकूर आणि कातकरी मात्र लाकूडफाटा डोक्यावर घेऊन तो डोंगर पायीच चढत. ही तफावत कोतवाल यांनी लहानपणापासून पाहिली.

त्यांनी पुण्यात शिक्षण घेतले आणि पुढे ते वकील झाले. मुंबईत वकिली करून बरे दिवस पाहता आले असते. ते गावाकडे परतले, माथेरान नगरपालिकेचे उपनगराध्यक्ष झाले आणि शेतकऱ्यांमध्ये काम करू लागले. शेतकरी आणि आदिवासींच्या मुलांसाठी त्यांनी शाळा सुरू केल्या. सावकाराने मांडलेला हिशेब ज्याला वाचता येत नाही, तो कर्जातून सुटत नाही, हे त्यांना कळून चुकले होते.

सावकारीचे गणित काय होते?

त्या वेळचा कुलाबा जिल्ह्यातला कर्जत असो वा ठाणे जिल्ह्यातले मुरबाड आणि शहापूर, सगळीकडे पीक एकच, भात. जमीन बहुतेक सावकार-जमीनदारांची, कसणारी कुळे कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी. आषाढ-श्रावणात लावणीचे कष्ट सर्वाधिक, आणि नेमके तेव्हाच घरातले धान्य संपलेले. मग सावकाराच्या दारात जाऊन भात उचलायचे आणि सुगीला दीडपटीने फेडायचे.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. कुळाच्या शेतात २० मण भात पिकले. अर्धेलीने १० मण मालकाला गेले. पावसाळ्यात ४ मण उचलले असतील, तर दीडपटीने ६ मण परत द्यायचे. उरले ४ मण. म्हणजे वर्षभर राबून घरात आले ते पावसाळ्यात उसने घेतले तेवढेच. पुढच्या आषाढात पुन्हा तेच दार. एखाद्या वर्षी पाऊस दगा देई, आणि थकलेले देणे फेडायला जमीन जाई किंवा माणूस वेठीला लागे. चार महिन्यांत ५० टक्के वाढणारे हे देणे कष्टाने फिटणारे नव्हते.

धान्यपेढीने काय बदलले?

कोतवाल यांचा उपाय साधा होता. सुगीत प्रत्येकाने थोडे भात सामाईक कोठारात ठेवायचे आणि पावसाळ्यात गरजूने तिथून उचलायचे. सावकाराकडे जाण्याची गरजच कमी करायची, असा हा बेत. वरच्या हिशेबातले जे २ मण सावकाराच्या घरात जात, ते यामुळे गावातच राहणार होते.

पण हे केवळ धान्यापुरते नव्हते. ज्याच्या दारात दरवर्षी जावे लागते, त्याच्याविरुद्ध माणूस साक्ष देत नाही, तक्रार करत नाही. कर्जदाराचे मतही सावकाराच्या मुठीत राहते. म्हणून धान्यपेढी ही पोटाची सोय होती, तसाच तो ताठ मानेने उभे राहण्याचा आधारही होता. शेजारच्या अलिबागजवळील चरी येथे १९३३ ते १९३९ या काळात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन न कसण्याचा संप केला होता. कुळांना थोडे संरक्षण देणारा कायदा १९३९ मध्ये आला, त्यामागे अशा लढ्यांचा रेटा होता.

मग मनोरेच का?

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’चा ठराव झाला आणि नेत्यांची धरपकड सुरू झाली. कोतवाल भूमिगत झाले. महायुद्धामुळे महागाई वाढली होती आणि ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तिथला तांदूळ येणे थांबले होते.

कर्जत तालुक्यातील भिवपुरी आणि जवळच्या खोपोली येथे टाटांची जलविद्युत केंद्रे होती. सह्याद्रीतल्या पाण्यावर तयार झालेली वीज मनोऱ्यांवरून मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला जाई. ज्यांच्या शेतावरून तारा जात, त्यांच्या घरात रॉकेलची चिमणी. ही स्थिती फक्त इथलीच नव्हती. अमेरिकेतही १९३० च्या दशकाच्या मध्यात सुमारे दहापैकी एकाच शेतघरात वीज होती. तिथे १९३६ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा झाला आणि सहकारी संस्थांना सरकारी कर्ज मिळाले. इथल्या परक्या सरकारकडून तशी अपेक्षा नव्हती.

आझाद दस्त्याने सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात ११ मनोरे पाडले. युद्धाच्या काळात मुंबईची वीज तोडणे हा सरकारच्या वर्मावर घाव होता. कोतवाल यांना पकडण्यासाठी बक्षीस जाहीर झाले.

सिद्धगडावर काय घडले?

दस्ता सिद्धगडाच्या जंगलात आश्रयाला होता. त्यांच्या ठावठिकाणाची खबर पोलिसांपर्यंत पोहोचली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी छापा घातला. गोळीबारात हिराजी गोमाजी पाटील आणि भाई कोतवाल यांना वीरमरण आले. कोतवाल तेव्हा अवघे ३० वर्षांचे होते.

त्यांच्यानंतर काय झाले?

दोन वर्षांनी, ७ जानेवारी १९४५ रोजी, कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली आणि ठाणे जिल्ह्यात वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याला जोर चढला. १९४६ मध्ये सावकारी नियंत्रणाचा आणि १९४८ मध्ये कूळ कायदा झाला. १ एप्रिल १९५७ च्या ‘कृषक दिना’पासून कुळे जमिनीचे मालक ठरू लागली. वेठबिगारीवर देशभर कायद्याने बंदी आली ती १९७६ मध्ये.

आज हे का आठवायचे?

तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्यांचे पाणी मुंबईकरांच्या नळाला येते, आणि त्याच तालुक्यातल्या अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुरबाड-शहापूरची कातकरी कुटुंबे आजही पावसाळ्यातली उचल फेडण्यासाठी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. आदिवासींसाठी सरकारने आणलेली खावटी योजना ही पावसाळ्यातल्या त्याच रिकाम्या कणगीसाठी होती.

कोतवाल यांनी मांडलेला हिशेब म्हणूनच अजून जुना झालेला नाही. कोण किती कमावतो, एवढ्यावर विषमता मोजून भागत नाही. आषाढात कोणाला कोणाच्या दारात जावे लागते, हेही पाहावे लागते.