टीव्हीचा आवाज चारी बाजूंनी यावा म्हणून होम थिएटर लावता? मग ॲलन ब्लमलाइनची गोष्ट वाचाच

अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली पट्ट्यात गेल्या काही वर्षांत टॉवरच टॉवर उभे राहिले. नवीन घर घेतलं की हॉलमध्ये मोठा टीव्ही येतो. हौस असेल तर पाच स्पीकर आणि एका वूफरची होम थिएटर सिस्टीमही येते. वायर जोडली जाते, सगळं चालू होतं आणि मग लक्षात येतं, मागचे दोन स्पीकर मुके आहेत. टीव्हीतून आवाज येतोय, पण फक्त डावा आणि उजवा.

हे कसं सोडवायचं ते पुढे सांगतोच. पण आधी हा डावा आणि उजवा आवाज वेगळा करणारा माणूस कोण होता ते बघू. नाव ॲलन ब्लमलाइन. आणि गंमत म्हणजे ज्या टीव्हीतून हा आवाज बाहेर काढायचा, त्या टीव्हीच्या जन्मातही याच माणसाचा मोठा हात होता.

ब्लमलाइनचा जन्म २९ जून १९०३ चा, लंडनमधला. वडील मूळचे जर्मन, आई स्कॉटिश मिशनऱ्याची मुलगी. वाचनाच्या नावाने पोराची बोंब होती. बारा वर्षांचा होईपर्यंत आपल्याला धड वाचता येत नव्हतं, असं तो स्वतःच सांगायचा. वीज मात्र त्याला लहानपणापासून कळायची. सात वर्षांचा असताना त्याने घरची बेल दुरुस्त केली आणि वडिलांच्या हातात रीतसर बिल ठेवलं. खाली सहीसोबत हुद्दा लिहिला होता, इलेक्ट्रिकल इंजिनियर.

पुढे तो खरोखरच पहिल्या वर्गात इंजिनियर झाला. १९२४ पासून त्याने टेलिफोनच्या तारांवर काम केलं आणि १९२९ मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत गेला. तेव्हा विजेवर रेकॉर्डिंग करण्याचं पेटंट अमेरिकन कंपनीकडे होतं. प्रत्येक रेकॉर्डमागे तिला पैसे मोजावे लागत. ब्लमलाइनने रेकॉर्ड कापण्याचं वेगळंच यंत्र बनवून ही कटकट मिटवली. १९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एकत्र आल्या आणि ईएमआय तयार झाली. ग्रामोफोन कंपनी म्हणजे आपली एचएमव्ही, भोंग्यासमोर बसलेल्या कुत्र्याचं चित्र असलेली.

त्याच वर्षी तो होणाऱ्या बायकोबरोबर, म्हणजे डोरीनबरोबर, सिनेमाला गेला. बोलपट नवे होते. नट पडद्यावर या टोकाकडून त्या टोकाकडे जायचा, पण त्याचा आवाज एकाच जागेवरून यायचा. बाकी प्रेक्षकांना त्याचं काही वाटलं नसेल. ब्लमलाइनला मात्र ते खटकलं. आवाज नटाच्या मागे मागे चालवायची युक्ती आपल्याला सुचली आहे, असं त्याने डोरीनला सांगितलं. १४ डिसेंबर १९३१ ला त्याने पेटंटचा अर्ज भरला. त्यात तब्बल ७० दावे होते.

युक्ती काय होती? रुळांजवळ राहणाऱ्या माणसाला डोळे मिटूनही कळतं की लोकल कल्याणकडे चाललीय की कर्जतकडे. कारण आवाज एका कानावर आधी आणि थोडा मोठा पडतो, दुसऱ्यावर किंचित नंतर. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण मेंदूला तेवढा पुरतो. ब्लमलाइनने दोन मायक्रोफोनने हा फरक पकडायचा आणि दोन स्पीकरमधून तो पुन्हा उभा करायचा ठरवलं. रेकॉर्डच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरायची पद्धतही त्याच पेटंटात आहे. १९३५ मध्ये त्याच्या चमूने हेज स्टेशनात येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची छोटी फिल्म केली. गाडी जिकडे जाईल तिकडे तिचा आवाज जातो, एवढंच दाखवायला.

त्यातली एक गोष्ट आपल्या हॉलशी थेट जोडलेली आहे. त्याने दोन्ही आवाजांची बेरीज आणि वजाबाकी करून काम साधलं होतं. अनेक दशकांनी डॉल्बीने हेच गणित पुढे नेलं. दोन्हीकडे सारखा असलेला आवाज मधल्या स्पीकरला द्यायचा आणि दोघांतला फरक मागच्या स्पीकरांना. म्हणून टीव्हीची लाल-पांढरी वायर दोनच आवाज नेत असली, तरी सिस्टीमवर प्रोलॉजिकसारखा मोड असेल तर मागचे स्पीकर बोलू लागतात.

पण हा झाला जुगाड. खरा ५.१ आवाज हवा असेल तर टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर एआरसी लिहिलंय, तिथून सिस्टीमच्या एआरसी पोर्टला केबल लावा. दोन्हीकडे तसा पोर्ट नसेल तर ऑप्टिकल केबल घ्या, तीही डॉल्बी डिजिटल ५.१ नेते. त्यानंतर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ आउटपुट पीसीएमवर आहे का ते बघा. पीसीएमवर बरेच टीव्ही दोनच आवाज सोडतात. ते ऑटो किंवा बिटस्ट्रीमवर न्या. बहुतेक घरांत घोडं इथेच अडलेलं असतं. आणि एक, कार्यक्रमच स्टिरिओत असेल तर कुठलीही केबल त्यात मागचा आवाज घालू शकत नाही.

परत ब्लमलाइनकडे येऊ. १९३४ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत वाद्यवृंदाचं स्टिरिओ रेकॉर्डिंगही झालं, पण कंपनीला त्यात धंदा दिसेना. तिचं लक्ष टीव्हीकडे होतं. मग ब्लमलाइनलाही तिकडेच जुंपलं गेलं. मार्कोनी-ईएमआयच्या ४०५ रेषांच्या टीव्हीत त्याची सर्किटं होती. बीबीसीने २ नोव्हेंबर १९३६ ला टीव्ही सेवा सुरू केली, तेव्हा बेअर्डची २४० रेषांची पद्धतही स्पर्धेत होती. काही महिन्यांतच ती बाद झाली.

मग महायुद्ध आलं. रात्री, ढगांच्या वरूनही विमानाला खालची जमीन पडद्यावर दिसावी, असं एचटूएस नावाचं रडार बनत होतं. ७ जून १९४२ ला त्याची चाचणी घेणारं हॅलिफॅक्स विमान इंग्लंडच्या हेरफर्डशरमध्ये कोसळलं. आतले अकराही जण गेले. ब्लमलाइन तेव्हा ३८ वर्षांचा होता. दुरुस्तीच्या वेळी इंजिनातला एक नट नीट आवळला गेला नव्हता आणि त्यातून आग लागली, असा निष्कर्ष पुढे निघाला. एवढीशी चूक, आणि ज्याच्या नावावर १२८ पेटंटं होती तो माणूस गेला. रडार गुप्त होतं, म्हणून बातमीही दाबली गेली. डोरीन आणि दोन लहान मुलं मागे राहिली, आणि तो कशासाठी मेला हे जगाला सांगायचीही सोय नव्हती. रडारचं काम थांबलं नाही, १९४३ च्या सुरुवातीला ते मोहिमांवर गेलं.

स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या त्या १९५८ च्या सुमारास. खाच तीच, दोन भिंतींची. तोवर पेटंटची मुदत संपली होती. आपल्याकडे १९७५ मध्ये मुंबईच्या मिनर्व्हात ‘शोले’ स्टिरिओफोनिक आवाजात लागला, तेव्हा जयने उडवलेलं नाणं पडल्याचा आवाज ऐकून लोक खुर्चीखाली शोधायला वाकायचे, असा किस्सा सांगतात. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, लंडनच्या ईलिंगमधल्या ब्लमलाइनच्या घरावर त्याच्या नावाची निळी पाटी लागली. तांत्रिक कामासाठीचं ग्रॅमी त्याला मिळालं २०१७ मध्ये, मृत्यूनंतर ७५ वर्षांनी.