रंगमंदिराच्या नावातले पंडित



कलबुर्गीचे डॉ. एस. एम. पंडित रंगमंदिर तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. नाटक, गाणे, नृत्य अशा काही ना काही निमित्ताने आपले तेथे जाणे होते. पण हे पंडित कोण, असे विचारले तर पुष्कळ जण बुचकळ्यात पडतात. ‘पंडित’ म्हणजे कोणी मोठे गवई असावेत, असाही काहींचा समज असतो. ते गवई नव्हते, चित्रकार होते. एकेकाळी त्यांची चित्रे देशभर घराघरांत लागली होती; कदाचित तुमच्या आजोळच्या देवघरातही त्यातले एखादे असेल.

संबानंद मोनप्पा पंडित यांचा जन्म २५ मार्च १९१६ रोजी गुलबर्ग्यात झाला. (गावाचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले ते २०१४ साली.) त्या वेळी हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. चित्रकलेचे पहिले धडे त्यांना शंकरराव आळंदकर यांच्याकडून मिळाले. आळंदकर स्वतः मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले होते. चांगला गुरू लहानपणीच भेटणे हे केवढे भाग्य असते, याचे हे उदाहरण आहे.

गुलबर्गा हे मुंबई-मद्रास रेल्वेमार्गावरचे स्टेशन. या मार्गाची दोन्ही टोके पंडितांच्या शिक्षणात आली. मद्रासच्या कलाशाळेची पदविका त्यांनी मिळवली आणि मग मुंबई गाठली. तेथे दंडवतीमठ यांच्या नूतन कलामंदिरात आणि पुढे जे. जे. कलाशाळेत त्यांचा अभ्यास झाला. जे. जे. मध्ये कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी जिवंत माणूस समोर बसवून चित्र काढण्याचा वर्ग सुरू केला होता. पंडितांच्या चित्रांतले देव आणि वीर हाडामांसाचे, भरदार वाटतात, यामागे हे शिक्षण आहे.

शिक्षण झाले तरी पोटापाण्याचा प्रश्न होताच. मुंबईत तेव्हा सिनेमाचा धंदा जोरात होता. १९३८ मध्ये मेट्रो चित्रपटगृह सुरू झाले. तेथे लागणाऱ्या परदेशी चित्रपटांसाठी पंडितांनी शोकार्ड केली. शोकार्ड म्हणजे प्रेक्षकांना खेळाची ओढ लागावी म्हणून चित्रपटगृहात मांडायचा फलक. बाबूराव पटेल यांच्या ‘फिल्मइंडिया’ या मासिकाची मुखपृष्ठेही ते करू लागले. मूळचे गोव्याचे रघुवीर मुळगावकर यांनीही या मासिकासाठी चित्रे काढली. पुढे मुळगावकरांची चित्रे मराठी दिवाळी अंकांतून घरोघर पोहोचली, हे आपल्या आजी-आजोबांना आठवत असेल. पंडितांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओही थाटला.

यानंतर कॅलेंडरचे पर्व आले. रामायण, महाभारत, पुराणे आणि संस्कृत काव्ये यांतले प्रसंग ते रंगवीत. कंपनी चित्र विकत घेई, छापखान्यात त्याच्या पिवळ्या, लाल, निळ्या आणि काळ्या रंगाच्या वेगवेगळ्या प्लेट तयार होत, आणि एकावर एक छपाई होऊन पूर्ण चित्र उमटे. खाली कंपनीचे नाव आणि महिन्यांचे तक्ते. दुकानदार दिवाळीला किंवा नव्या वर्षाला ते गिऱ्हाइकांना फुकट वाटत. राजा रविवर्म्यांनी छापील चित्रांतून देव घरोघर नेले होते. त्यांच्यामागून पंडित, मुळगावकर यांच्यासारख्यांनी ती वाट आणखी रुंद केली. ज्यांना कलादालन माहीतच नव्हते, त्यांनाही चांगले चित्र रोज पाहायला मिळाले.

मात्र या कामाला त्या काळी मान कमी होता. १९४७ मध्ये मुंबईत सूझा, रझा, हुसेन या तरुणांचा प्रोग्रेसिव्ह गट स्थापन झाला आणि जाणकारांचे लक्ष नव्या कलेकडे गेले. खुद्द हुसेन यांनीही सुरुवातीला सिनेमाचे मोठे फलक रंगवले होते. पण कॅलेंडरसाठी काढलेले ते धंद्याचे चित्र, ती खरी कला नव्हे, असा समज बराच काळ टिकला. कलेच्या इतिहासात या चित्रकारांना जागा मिळाली ती फार उशिरा. शिवाय कॅलेंडर म्हणजे वर्षभराचे पाहुणे. डिसेंबर संपला की पान वहीच्या पुठ्ठ्याला लागे, नाहीतर चुलीत जाई. ज्यांना चित्रातला देव मोडवत नसे ते मात्र तारखा कापून चित्राला चौकट करून घेत. पंडितांच्या चित्रांना लोकांनी दिलेले बक्षीस ते हेच.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पंडित मुंबईचा व्याप आवरून गुलबर्ग्याला परतले. नाव झालेला माणूस मोठे शहर सोडून आपल्या गावी येतो, ही गोष्ट आजही सहसा घडत नाही. येथे त्यांनी तैलरंगात काम चालू ठेवले. १९७८ मध्ये लंडनमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. गुलबर्गा विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. नावाआधीचे ‘डॉ.’ आले ते त्यामुळे. ३० मार्च १९९३ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पंडितांची वाट एका शिक्षकापासून सुरू झाली, बाजारातून गेली आणि पुन्हा आपल्या मातीत येऊन थांबली. बाजारासाठी काढायचे म्हणून त्यांनी हात सैल सोडला नाही. दुकानदार फुकट वाटणार त्या कागदासाठीही त्यांनी मन लावून काम केले. आपल्या भागात कानडी, मराठी, उर्दू आणि तेलुगू घरे शेजारी शेजारी आहेत. या चित्रांपुढे भाषेची अडचण कोणालाच आली नाही.

पालकांना एक विनंती. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकावा, असे आपल्याला वाटते. तो तास मुलांकडेच राहू द्यावा. आणि मुलांनो, सुटीत आजोळी गेलात तर माळ्यावरची जुनी चौकट पुसून पाहा. चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत सही शोधा. पंडितांची निघाली, तर ते चित्र रद्दीत जाऊ देऊ नका.