डॉ. काशिनाथ घाणेकर : दाताचा दवाखाना आणि रंगभूमी (मराठी निबंध)



गेल्या वर्षी आम्ही शाळेतल्या मुलांना बालनाट्य दाखवायला कल्याणहून ठाण्याला घेऊन गेलो होतो. हिरानंदानी मेडोजमधल्या नाट्यगृहावरची पाटी चौथीतल्या एका मुलाने मोठ्याने वाचली, डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह. मग त्याने मला विचारलं, की बाई, डॉक्टरांचं नाव तर दवाखान्याला देतात, इथे नाटकाच्या थिएटरला कसं दिलं? प्रश्न अगदी बरोबर होता. परतीच्या प्रवासात त्याला जे सांगितलं, तेच आज थोडं सविस्तर लिहीत आहे.

काशिनाथ घाणेकर यांचा जन्म १९३० च्या आसपास कोकणातल्या चिपळूणचा. पुढे ते मुंबईत आले, दंतवैद्यक शिकले आणि दातांचे डॉक्टर झाले. त्यांची पहिली पत्नी इरावती याही डॉक्टर होत्या, स्त्रीरोगतज्ज्ञ. म्हणजे घरात दोन डॉक्टर. त्या काळातल्या मध्यमवर्गीय घराला यापेक्षा पक्का आधार कोणता हवा होता? पण या दंतवैद्याला नाटकाचं वेड होतं. दवाखाना सांभाळून तो नाटक करत होता.

यातली अडचण समजून घ्या. दाताचा डॉक्टर स्वतः खुर्चीजवळ उभा राहिला तरच कमाई होते. दवाखाना बंद ठेवला तर त्या दिवसाची कमाई गेली, आणि रोज बंद ठेवला तर पेशंट दुसरीकडे जातात. नाटकाचंही तसंच आहे. संध्याकाळी तालीम, शनिवार-रविवारी प्रयोग, मध्येच आठ-दहा दिवसांचा दौरा. दोन्ही कामांना माणूस जातीने हजर लागतो. अशी ओढाताण जास्त दिवस चालत नाही.

१९६२ साली वसंत कानेटकर यांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे नाटक दि गोवा हिंदु असोसिएशनने रंगभूमीवर आणलं. मास्टर दत्ताराम शिवाजी महाराज झाले आणि डॉ. घाणेकर संभाजी झाले. बापलेकातला दुरावा आणि माया दाखवणारं हे नाटक लोकांनी डोक्यावर घेतलं. भेदक डोळे, तडफदार चाल आणि मनातली खळबळ चेहऱ्यावर आणण्याची ताकद यामुळे हा नवा नट घराघरांत पोचला. पुढे ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकातही ते संभाजी महाराज झाले.

१९६६ साली ‘अश्रूंची झाली फुले’ आलं. हेही नाटक कानेटकरांचंच. त्यात प्रभाकर पणशीकर प्रा. विद्यानंद होते आणि घाणेकर लाल्या. लाल्या हा वाया गेलेला, उद्धट विद्यार्थी. पण सरांनी त्याच्यावर टाकलेला विश्वास त्याला बदलतो आणि पुढे तो पोलीस अधिकारी होतो. शिक्षक म्हणून मला हे पात्र फार जवळचं वाटतं. लाल्या रंगमंचावर आला की टाळ्या आणि शिट्ट्या सुरू व्हायच्या. जाहिरातीत सगळ्या नटांची नावं झाली की शेवटी ‘आणि’ लिहून त्यांचं नाव यायचं. म्हणून तर २०१८ साली त्यांच्यावर निघालेल्या चित्रपटाच्या नावातही तो ‘आणि’ आहे. ‘पाठलाग’, ‘मधुचंद्र’, ‘हा खेळ सावल्यांचा’ हे त्यांचे चित्रपटही गाजले.

आता दवाखान्याचं काय झालं? तो मागे पडत गेला आणि शेवटी सुटला. नाटकातच भरपूर पैसे मिळू लागले होते. त्या काळात सर्वांत जास्त मानधन घेणाऱ्या मराठी नटांमध्ये त्यांची गणना होत असे. मग वाटेल, झालं की सगळं छान! पण नाटकातल्या पैशाचा हिशेब वेगळा असतो. नटाला ‘नाइट’ मिळते, म्हणजे प्रयोग झाला तर पैसे. प्रयोग रद्द झाला, नट आजारी पडला, नाटक उतरलं, की कमाई थांबली. महिन्याच्या एक तारखेचा पगार नाही, फंड नाही, पेन्शन नाही. जास्त पैसे मिळणं वेगळं आणि स्थैर्य असणं वेगळं, हे इथे लक्षात येतं.

डॉ. घाणेकरांच्या आयुष्यात नेमकं स्थैर्यच राहिलं नाही. यशाबरोबर दारूचं व्यसन लागलं. पहिला संसार मोडला. पुढे त्यांचं लग्न ज्येष्ठ अभिनेत्री सुलोचनादीदींच्या कन्या कांचन यांच्याशी झालं. कांचन घाणेकर यांनी ‘नाथ हा माझा’ या पुस्तकात त्यांचं मोठेपण आणि दोषही मोकळेपणाने लिहिले आहेत. उतरत्या काळातही ते नाटकाचे दौरे करत राहिले. २ मार्च १९८६ रोजी दौऱ्यावर असतानाच अमरावतीला त्यांचं निधन झालं. वयाची साठीही त्यांनी गाठली नव्हती.

याच काळातले दुसरे डॉक्टर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. ते कान-नाक-घशाचे सर्जन. भारतात आणि आफ्रिकेत त्यांनी व्यवसाय केला, नाटकही करत राहिले आणि १९६९ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पूर्ण वेळ नट झाले. दोघांनीही डॉक्टरकी सोडली. म्हणून नोकरी सोडली की माणूस बुडतो असंही नाही आणि कला धरली की तरतो असंही नाही. आलेलं यश आणि पैसा आपण कसा सांभाळतो, यावर बरंच काही ठरतं.

हे सगळं आज लिहायचं कारण सांगते. माझा एक जुना विद्यार्थी डोंबिवलीत राहतो. दिवसभर ऐरोलीला कंपनीत काम करतो आणि रात्री एकांकिकेची तालीम. मध्यंतरी त्याची आई भेटली. तो नोकरी सोडायची म्हणतोय, तुम्हीच काहीतरी समजवा, असं म्हणून रडायला लागली. वडिलांची नोकरी सुटलेली, घराचा हप्ता त्याच्याच पगारातून जातो. त्याला नाटक सोड म्हणायला माझी जीभ वळेना. चौथीच्या स्नेहसंमेलनात त्याला पहिल्यांदा स्टेजवर मीच उभं केलं होतं!

मी त्याला फोन करून डॉ. घाणेकरांची गोष्ट सांगितली. टाळ्यांची सांगितली, तशी अमरावतीचीही सांगितली. एवढंच म्हटलं, की किती महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्यावर नोकरी सोडायची, हे आईबरोबर बसून वहीत लिही. तोपर्यंत तालीम चुकवू नकोस आणि हप्ताही चुकवू नकोस. तो जरा वेळ गप्प राहिला, मग हो म्हणाला. काय ठरवलं, ते अजून कळलेलं नाही.

आणि त्या चौथीतल्या मुलाला मी काय उत्तर दिलं? त्याला सांगितलं, हे डॉक्टर आधी लोकांचे दात बरे करायचे आणि मग त्यांनी लोकांना हसवलं, रडवलं. लोकांनी त्यांचं दुसरं काम जास्त लक्षात ठेवलं, म्हणून त्यांचं नाव इथे आहे. पण पहिलं कामही खोटं नव्हतं, म्हणून नावाआधीचं ‘डॉ.’ अजून पाटीवर आहे.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम : तुमच्या घरात किंवा शेजारी नोकरी सांभाळून गाणं, भजन, नाटक किंवा चित्रकला करणारं कोणी आहे का? ते वेळ कसा काढतात आणि त्यासाठी काय सोडावं लागतं, हे त्यांना विचारा आणि दहा ओळी लिहा.