सर लॉरेन्स ब्रॅग

डोळ्यांस न दिसणाऱ्या वस्तूचें माप घेणें पुष्कळांस अशक्य वाटेल. परंतु आज संगणकाच्या पडद्यावर रेणूचें चित्र उघडून त्यांतील दोन अणूंवर खूण केली, कीं त्यांमधील अंतर तत्काळ आंकड्यांत दिसतें. यंत्र येथें केवळ गणित करतें. अणूंचीं स्थानें त्यापूर्वींच, बहुधा स्फटिकावर क्ष-किरण टाकून, कोणीतरी शोधलेलीं असतात. हा मार्ग ज्यांनीं दाखविला, त्या विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

ब्रॅग यांचा जन्म ३१ मार्च १८९० रोजीं ऑस्ट्रेलियांतील ॲडलेड शहरीं झाला. वडील विल्यम हेन्री ब्रॅग तेथील विद्यापीठांत प्राध्यापक होते. बालपणीं पडून लॉरेन्सचें कोपर मोडलें, तेव्हां वडिलांनीं नव्यानेंच सांपडलेल्या क्ष-किरणांनीं त्याचें चित्र घेतलें. १९०९ सालीं हें कुटुंब इंग्लंडास आलें व लॉरेन्स केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत दाखल झाले.

१९१२ सालीं जर्मनींत लाउए व त्यांचे सहकारी यांनीं स्फटिकांतून क्ष-किरण सोडून फोटोच्या कांचेवर ठिपक्यांची नक्षी मिळविली. तिचा सरळ अर्थ बावीस वर्षांच्या ब्रॅग यांस नदीकांठीं फिरतांना सुचला. स्फटिकांत अणूंचे थर समांतर असतात. खालच्या थरावरून परतणारा किरण वरच्या थरावरील किरणापेक्षां अधिक वाट चालतो. ही अधिक वाट तरंगलांबीच्या पूर्ण पटींत असेल, तरच दोन्ही किरण एकमेकांस बळ देतात. म्हणून तरंगलांबी व कोन ठाऊक असल्यास थरांमधील अंतर गणितानें निघतें. १९१३ सालीं लॉरेन्स यांनीं मिठाची, आणि पितापुत्रांनीं मिळून हिऱ्याची रचना उकलली. हिऱ्यांत शेजारच्या दोन कार्बन अणूंमधील अंतर १.५४ अँगस्ट्रॉम आहे; एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग होय.

मिठाच्या रचनेनें जुन्या समजुतीस धक्का बसला. सोडियम व क्लोरीन यांचें जोडपें म्हणजे मिठाचा रेणु, असें रसायनशास्त्री मानीत. ब्रॅग यांस असें जोडपें आढळलें नाहीं. प्रत्येक सोडियमभोंवतीं सहा क्लोरीन सारख्याच, सुमारें २.८ अँगस्ट्रॉम अंतरावर असतात. आर्मस्ट्राँग नांवाच्या वृद्ध रसायनज्ञांनीं १९२७ सालींही या मताचा उपहास केला. परंतु मापापुढें तो टिकला नाहीं.

१९१५ सालीं पितापुत्रांस नोबेल पारितोषिक मिळालें. लॉरेन्स तेव्हां पंचवीस वर्षांचे असून, शत्रूच्या तोफांचें ठिकाण आवाजावरून शोधण्याच्या कामीं युद्धआघाडीवर होते. त्याच वर्षीं त्यांचे धाकटे बंधु रॉबर्ट गॅलिपोलीच्या मोहिमेंत मृत्यु पावले.

१९३८ सालीं ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. तेथें १९५० सालीं पेरुट्झ व केंड्र्यू यांच्यासह त्यांनीं प्रथिनांच्या सांखळीविषयीं जो निबंध लिहिला, तो चुकीचा ठरला. पेप्टाइड बंध एका पातळींत ताठ राहतो, हें रसायनशास्त्राचें तत्त्व त्यांनीं ध्यानांत घेतलें नव्हतें. पुढच्याच वर्षीं अमेरिकेच्या पॉलिंग यांनीं खरी रचना सांगितली. जगन्मान्य पंडित असूनही ब्रॅग यांनीं ही चूक मोकळेपणानें कबूल केली. १९५३ सालीं त्यांच्याच प्रयोगशाळेंत वॉटसन व क्रिक यांस डीएनएची रचना उलगडली.

पुढें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें त्यांनीं शाळेंतील मुलांसाठीं प्रयोगांसह व्याख्यानें सुरू केलीं. १ जुलै १९७१ रोजीं त्यांचें निधन झालें. त्याच वर्षीं प्रथिनांतील अणूंचीं स्थानें साठविणारी प्रोटीन डेटा बँक अमेरिकेंत स्थापन झाली.

पडद्यावरील आंकडा पाहतांना आम्हां विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें, कीं त्यामागें असे श्रम आहेत. आणि मोजणारा कितीही थोर असला, तरी सत्यापुढें नम्र होणें हाच त्याचा खरा मोठेपणा होय.