वायफाय स्लो आहे? हर्ट्झला भेटा!

सकाळी नऊचं ऑनलाइन लेक्चर. सरांचा चेहरा स्क्रीनवर गोठलेला आणि मधोमध ते गोल फिरणारं चक्र. अशा वेळी तुम्ही काय करता? राउटर बंद-चालू करता, कंपनीच्या नावाने बोटं मोडता आणि मोबाइल डेटा ऑन करता. आज जरा वेगळं करू. राउटरवर २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ असे आकडे वाचलेत ना? त्यातलं ‘हर्ट्झ’ हे एका माणसाचं आडनाव आहे. तुमचं वायफाय बेडरूममध्ये का रडतं, याचं उत्तर त्याच्या आयुष्यात सापडतं.

हाइनरिख हर्ट्झ. जन्म २२ फेब्रुवारी १८५७, जर्मनीतलं हॅम्बुर्ग. वडील वकील. पोरगा इंजिनीअरिंगला गेला आणि मध्येच त्याला कळलं, की आपलं मन फिजिक्समध्ये आहे. त्याने घरी पत्र लिहून लाइन बदलायची परवानगी मागितली. ती मिळाली, हे आपलं नशीब! १८८० मध्ये बर्लिनला हेल्महोल्ट्झ यांच्याकडे त्याने डॉक्टरेट मिळवली. वय किती? साधारण तुमच्या-माझ्याइतकंच.

तेव्हा मॅक्सवेलची समीकरणं कागदावर होती. विजेच्या लहरी प्रकाशाच्या वेगाने पसरतात, असं ती सांगत होती. पण त्या लहरी कुणी पकडून दाखवल्या नव्हत्या. हर्ट्झ १८८५ मध्ये कार्ल्सरूहला प्राध्यापक झाला आणि पुढच्याच वर्षी कामाला लागला. एका टोकाला ठिणग्या पाडणारं यंत्र, दुसरीकडे बारीकशी फट ठेवलेलं तारेचं कडं. मधे काहीच जोडलेलं नाही. तरी त्या फटीत इवलीशी ठिणगी उडायची. ती दिसावी म्हणून तो अंधारात डोळे ताणून बसायचा. म्हणजे बघा, जगातलं एक पहिलंवहिलं वायरलेस रिसीव्हर म्हणजे एक कडं आणि त्याचे दोन डोळे!

आता गंमत ऐका. प्रयोग चालायचे ते वर्गाच्या हॉलमध्ये. तिथल्या लोखंडी खांबांच्या रांगा लहरींना भिंतीसारख्या अडवायच्या. लटकणाऱ्या गॅसदिव्यांचे धातूचे भाग त्याने काढूनच टाकले. पुढे त्याने दाखवून दिलं, की या लहरी लाकडी दारातून आरपार जातात, पण जस्ताच्या पत्र्यावर आपटून परततात. जाणारी आणि परतणारी लहर एकमेकींत मिसळली, की काही जागी ठिणगी जोरात आणि काही जागी गायब. रिसीव्हर आडवा फिरवला तरीही गायब.

ओळखीचं वाटतंय? फ्रिज किंवा लोखंडी कपाटामागे ठेवलेला राउटर असाच अडतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, त्यामुळे फोन चार बोटं सरकवला तरी सिग्नल बदलू शकतो. राउटरच्या दांड्यांची दिशा बदलल्यावर फरक पडतो, तोही याचमुळे.

हर्ट्झने तारेतल्या आणि हवेतल्या लहरींचा वेगही ताडून बघितला. तारेतला वेग कमी भरला. हे चुकीचं होतं! त्या हॉलमधल्या परावर्तनांनी घोळ घातला असावा, असं मानलं जातं. त्याच्या एका गणितातली चूक फ्रान्सच्या प्वांकारेने दाखवली. जिनिव्हात प्रयोग पुन्हा झाले आणि दोन्ही वेग सारखे निघाले. हर्ट्झने चूक मोकळेपणाने मान्य केली. नाव झालेलं असताना असं करायला जिगर लागते, नाही का?

१८८९ मध्ये तो बॉनला गेला. १८९२ पासून दुखणं मागे लागलं, ऑपरेशनं झाली, पण १ जानेवारी १८९४ ला तो गेला. वय अवघं ३६. मागे पत्नी एलिझाबेथ आणि दोन लहान मुली. आपल्या लहरींचा व्यवहारात काही उपयोग होईल, असं त्याला वाटलंच नव्हतं. मार्कोनीचा रेडिओ दोन-तीन वर्षांतच आला. वडिलांकडून घराणं मूळचं ज्यू, त्यामुळे नाझी काळात त्या मायलेकींना जर्मनी सोडून इंग्लंड गाठावं लागलं. पण नाव पुसलं गेलं नाही. एका सेकंदातलं एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ. तुमच्या राउटरवरचे २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २४० कोटी कंपनं.

तेव्हा आज रात्री हर्ट्झसारखंच करा. आधी लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. तरीही स्लो असेल तर दोष बहुधा बाहेरच्या लाइनचा, खुशाल तक्रार करा. केबलवर सुसाट असेल तर दोष तुमच्या खोलीत शोधा. राउटर घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी ठेवा. जवळ बसायचं असेल तर ५ गिगाहर्ट्झ घ्या, भिंतीपलीकडे २.४. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा.

आणि पहिला अंदाज चुकला तर? हर्ट्झचाही चुकला होता. पुन्हा मोजा.